गुरुवारी पत्र, सोमवारी पैसे

भांडुपच्या एका आईचा प्रश्न आहे. दोन मुलगे एकाच शाळेत, धाकटा चौथीत आणि थोरला आठवीत. 18 डिसेंबरला, गुरुवारी दुपारी, शाळेच्या ग्रुपवर दोन पत्रं पडली. चौथीची एक दिवसाची सहल वॉटर पार्कला, 9 जानेवारीला, माणशी 1,450 रुपये. आठवीची दोन मुक्कामांची, 6,800 रुपये. पैसे सोमवारपर्यंत, रोख. नवऱ्याचा पगार 7 तारखेला होतो आणि डिसेंबरचा बराचसा संपलेला. त्या विचारतात, शाळा इतक्या उशिरा का सांगते? थोडं थांबा म्हटलं तर शाळा थांबते का? आणि एकाला पाठवून दुसऱ्याला नाही म्हटलं तर चालेल का?

मी परळच्या एका अनुदानित मराठी शाळेत 29 वर्षं शिकवलं. त्यातली 13 वर्षं सहलप्रमुख होते. म्हणजे अशी पत्रं काढणाऱ्यांपैकीच मी एक. त्यामुळे पुढे ज्या चुका सांगणार आहे, त्यातल्या बऱ्याच माझ्याच हातून झालेल्या आहेत.

आधी सोमवारचं बघू.

सोमवारी शाळेला सगळ्यात जास्त गरज असते ती आकड्याची. किती मुलं येणार, एवढं कळलं की बस एक की दोन हे ठरतं आणि पार्कला संख्या कळवता येते. पैशांचं म्हणाल तर बसवाला ठरवताना थोडा अ‍ॅडव्हान्स घेतो, पार्कही घेतो, उरलेली रक्कम सहलीच्या दिवशी सकाळी किंवा संध्याकाळी हातात पडते. म्हणजे तुमचे 1,450 च्या 1,450 येत्या सोमवारीच शाळेच्या कपाटात असले पाहिजेत असं काही नसतं. पत्रात मात्र तसं लिहावं लागतं. मुदत सैल ठेवली की अर्धा वर्ग सहलीच्या आदल्या दिवशी पैसे आणतो, हे प्रत्येक सहलप्रमुखाने एकदा तरी भोगलेलं असतं.

तुमची सहल 9 तारखेला आणि पगार 7 ला. हे जमण्यासारखं आहे. संमतीपत्र सोमवारीच द्या, सोबत थोडे पैसे द्या, आणि एक चिठ्ठी. मला येणाऱ्या चिठ्ठ्यांपैकी ज्यांचं काम चटकन व्हायचं त्या साधारण अशा असायच्या:

«बाईंना सप्रेम नमस्कार. माझा मुलगा सहलीला नक्की येणार आहे. संमतीपत्र सही करून जोडलं आहे. सोबत 500 रुपये आहेत. उरलेले 950 रुपये 8 जानेवारीला मी स्वतः शाळेत आणून देईन. हे आपल्यातच राहू द्यावं, वर्गात त्याच्याकडे पैशांची विचारणा करू नये, ही विनंती.»

नवऱ्याची नोकरी, घरातलं आजारपण, भाडं, यातलं काहीही लिहायची गरज नाही. तारीख आणि रक्कम पुरते. शक्य असेल तर चिठ्ठी स्वतः जाऊन द्या. शाळा सुटताना दाराशी दोन मिनिटं मिळतात. ग्रुपवर लिहू नका. एकदा ग्रुपवर विषय निघाला की त्याला पन्नास फाटे फुटतात आणि बाईंना सवलत द्यायची असली तरी देता येत नाही, कारण मग ती सगळ्यांना द्यावी लागते.

चिठ्ठीतलं शेवटचं वाक्य मात्र गाळू नका. ते का, हे सांगते.

सुरुवातीची काही वर्षं मी वर्गात यादी वाचायचे. «सहलीचे पैसे कोणाचे राहिलेत?» मग नावं. वाटायचं, आठवण करून देतेय. सहावीत एक मुलगा होता. त्याचं नाव आलं की तो उभा राहून सांगायचा, «बाई, मी नाही येणार, मला बस लागते.» तीन दिवस तीनदा सांगितलं. मी रजिस्टरवर त्याच्या नावापुढे लिहून टाकलं: प्रवासाचा त्रास. पुढे महिनाभराने संध्याकाळी दादरला गर्दीच्या बेस्टमध्ये मला तो दिसला. एका हाताने दांडा धरलेला, दुसऱ्या हातात उघडी वही, बस खोदादाद सर्कलला गचके देत वळतेय आणि हा उभ्या उभ्या पाढे पाठ करतोय. आई पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायची, तिला घ्यायला तो रोज बसने जायचा. बस लागणाऱ्या मुलाची ती वही नव्हती. तेव्हापासून मी यादी वाचणं बंद केलं. पैसे कोणाचे आले, कोणाचे नाही, हे ऑफिसात कळायचं आणि बोलायचंच तर आईवडिलांशी.

सगळ्याच शाळांत हे शहाणपण आलेलं नाही. म्हणून ते वाक्य लिहा.

आता उशिराचं. शाळेची बाजू घेत नाही, फक्त आत काय चालतं ते सांगते. पावसाळ्यात सहल काढत नाहीत. ऑक्टोबरात सहामाही, मग दिवाळी. फेब्रुवारी लागला की दहावीचं वातावरण. उरतात डिसेंबर आणि जानेवारी, त्यातच स्नेहसंमेलन आणि क्रीडादिन. निवडणुका असल्या तर निम्मे शिक्षक ड्यूटीवर. मुंबईतल्या शेकडो शाळा याच सहा-सात आठवड्यांत घुसतात, आणि लग्नसराईचे बसवालेही तेच.

त्यात परवानगी. फेब्रुवारी 2016 मध्ये मुरूडच्या समुद्रात सहलीला गेलेली पुण्याच्या कॉलेजची मुलं बुडाली, त्यानंतर शिक्षण विभागाने नियम फार कडक केले, आणि केले ते बरंच झालं. पण त्यामुळे फाईल वाढली. मुलांची यादी, पालकांची संमती, बसचे कागद, सोबतच्या शिक्षकांची नावं, सगळं जोडून शिक्षण विभागाकडे पाठवायचं. यादी हवी तर संमती हवी, संमती हवी तर तारीख हवी, तारीख हवी तर बस हवी, आणि बसवाला म्हणतो, आधी मुलं किती ते सांगा. हा भोवरा ऑगस्टात फिरायला लागला तर नोव्हेंबरात थांबतो. आमच्याकडे तो दिवाळीनंतर सुरू व्हायचा. कारण? कारण काही नाही. सहलप्रमुख कोण हे ठरायलाच दिवाळी उजाडायची. ते काम कोणालाच नको असतं.

या उशिराचे पैसे पालक भरतात, हे मात्र कोणी पत्रात लिहीत नाही. एसटी महामंडळ शाळांच्या सहलीला भाड्यात 50 टक्के सवलत देतं. पण त्यासाठी मुख्याध्यापकांचं पत्र घेऊन आगाराकडे वेळेत जावं लागतं. परळ असो, कुर्ला नेहरूनगर असो, रोजच्या फेऱ्या सांभाळून जेवढ्या गाड्या उरतात तेवढ्याच मिळतात. ज्या वर्षी मी सप्टेंबरात अर्ज टाकला त्या वर्षी लाल गाडी मिळाली आणि माणशी दीडशे-दोनशे रुपये वाचले. ज्या वर्षी डिसेंबरात गेले त्या वर्षी खिडकीवरच्या माणसाने फक्त मान हलवली. मग खासगी बस, म्हणेल त्या भावाला.

तुमच्या 1,450 रुपयांचं काय होतं, तेही बघा. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, पण हिशोबाची पद्धत सगळीकडे हीच. 50 सीटची बस, दिवसाचे 19,000. त्यात 44 मुलं, 5 शिक्षक, 1 शिपाई. बसचे माणशी झाले 432. पार्कचा शाळांसाठीचा दर, जेवणासकट, धरा 800. सकाळचा नाश्ता आणि येतानाचा वडापाव, 90. टोल, पार्किंग, औषधांची पेटी, ड्रायव्हर-क्लीनरचं जेवण मिळून 1,500, म्हणजे माणशी 34. पार्क 15 मुलांमागे एक मोठा माणूस फुकट सोडतो असं धरलं, तर आपले दोघे सुटले. उरलेल्या चौघांचे 3,200 मुलांवरच बसतात, माणशी 73. बेरीज 1,429. वरचे 21 सुट्ट्या पैशांची कटकट नको म्हणून. झाले 1,450.

म्हणजे इथे लूट नाही. पण 44 च्या जागी 35 च मुलं आली तर? बस तेवढीच, शिक्षक तेवढेच. हिशोब 1,567 वर जातो आणि शाळेला 4,000 च्या वर खड्डा पडतो. त्या भीतीने शाळा पैसे आधी आणि रोख मागते, आणि काही शाळा माणशी शंभर-दोनशे जास्तच लावतात. एखाद्या पत्रातली रक्कम अशा हिशोबात कुठेच बसत नसेल, तर विचारा. भांडणाच्या सुरात नको, «बस किती, प्रवेश किती, एवढं कळेल का?» असं. ज्या शाळेचा हिशोब चोख असतो ती दोन मिनिटांत सांगते. जी सांगत नाही तिच्याबद्दल काय समजायचं ते तुम्ही समजाल.

पत्रात न लिहिलेला खर्च वेगळाच. वॉटर पार्क म्हटलं की नायलॉनचे कपडे लागतात, सुती कपड्यांत पाण्यात सोडत नाहीत. तिथे भाड्याने मिळतात, वर डिपॉझिट. हे मुलांना दारात कळतं आणि मग सगळी पोरं बाईंच्या पर्सभोवती गोळा होतात. आजच शेजारीपाजारी विचारा. चाळीत असाल तर चार दारांत एक तरी पोहण्याचा पोशाख पडलेला असतो. टोपी, नवे बूट, नवी सॅक यातलं काहीही घेऊ नका. आणि खाऊचे पैसे: मी माझ्या वर्गाला 100 ची मर्यादा घालून द्यायचे आणि बसमध्ये चढतानाच सांगायचे की जास्त आणले असतील त्यांनी माझ्याकडे जमा करावेत. एका वर्षी एका मुलाकडे 2,000 निघाले. दिवसभर मी त्या नोटांची राखण केली, मुलं पाळण्यात बसली. तुमच्या बाईंनी मर्यादा सांगितली नसेल तर त्यांना सुचवा, त्यांचंही काम हलकं होईल.

आता दोन मुलांचा पेच. मला विचाराल तर धाकट्याला पाठवा आणि थोरल्याला या वर्षी नाही म्हणा.

चौथीतल्या मुलाला «पैसे नाहीत» म्हणजे नक्की काय ते कळत नाही. सहलीच्या दुसऱ्या दिवशी वर्गात सगळे पाळण्यांबद्दल बोलत असतात आणि आपण गप्प, एवढंच त्याला कळतं. आठवीतल्या मुलाला टक्केवारी येते. त्याच्यासमोर कागद घेऊन बसा. पगार इतका, भाडं इतकं, क्लास इतका, हे 6,800, आणि हे उरलेलं. कर्ज काढून, सोनं ठेवून, नाहीतर शेजारणीकडून उसने घेऊन मुक्कामाची सहल करू नये, हे माझं स्पष्ट मत. दहावीच्या वर्षाची सहल असती तर वेगळं सांगितलं असतं. ती शाळेतली शेवटची असते, त्या पोरांना एकत्र जायला परत मिळत नाही. थोरल्याला तेच सांगा: आठवीची नाही, दहावीची नक्की, त्यासाठी पुढच्या महिन्यापासून डबा ठेवू. आणि मग तो ठेवा.

रुसेल. रुसू द्या. माझ्या मुलीच्या शाळेची दिल्ली-आग्र्याची सहल होती, मी शिक्षिका असून नाही म्हटलं होतं, कारण तेव्हा सासूबाईंचं ऑपरेशन होतं. पंधरा दिवस माझ्याशी धड बोलली नाही. आता तिला स्वतःची मुलगी आहे आणि अजूनही लग्नाकार्यात पाहुण्यांसमोर «आईने मला ताजमहाल बघू दिला नाही» हे एकदा होतंच.

सहलीची सक्ती करता येत नाही, हे लक्षात ठेवा. न जाणाऱ्या मुलाला गैरहजर धरणं, प्रकल्पाचे गुण कापणं, हे चालणार नाही. सहलीवर प्रकल्प असेल तर दुसरा विषय मागून घ्या. आणि त्या दिवशी न गेलेल्या मुलांचं शाळा काय करते तेही विचारा. आमच्याकडे पूर्वी त्यांना दुसऱ्या तुकडीत मागच्या बाकावर बसवायचे, सगळी मुलं वळून बघायची. नंतर आम्ही त्यांना ग्रंथालय आणि प्रयोगशाळा उघडून दिली. दोन वर्षांनी अशी वेळ आली की एक मुलगा पैसे भरलेले असून म्हणाला, मी इथेच थांबू का.

तुमची अडचण महिन्याभराची नसून कायमची असेल, तर ऑफिसात «गरीब विद्यार्थी निधी» आहे का ते मुख्याध्यापकांना एकांतात विचारा. बऱ्याच जुन्या शाळांत माजी विद्यार्थ्यांनी ठेवलेला असतो आणि त्यातून सहल, गणवेश, परीक्षा फी अशा गोष्टी भागवल्या जातात. कोणाला मिळाला हे वर्गाला कळत नाही. मागायला लाज वाटते हे मला माहीत आहे. पण मागायला कोणी येत नाही म्हणून तो निधी वर्षानुवर्षं बँकेत पडून राहिलेला मी पाहिला आहे.

मुलगा ऐनवेळी आजारी पडला तर पैसे परत मिळतात का, हे पुष्कळ पालक विचारतच नाहीत, गेले ते गेले म्हणून सोडून देतात. बसचे जातात, ते खरंच जातात. पण पार्कच्या दारात मुलं मोजूनच बिल होतं, आधी कबूल केलेल्या किमान संख्येच्या खाली गेलो नाही तर न आलेल्या मुलाचा प्रवेश लागत नाही. म्हणजे तेवढे तरी परत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. मागा, लगेच मागा. हिशोब बंद झाल्यावर कोणी वही उघडत नाही.

हे सगळं झालं या वर्षाचं. खरी संधी जूनमध्ये असते, आणि ती पालक दरवर्षी घालवतात.

महाराष्ट्राच्या 2011 च्या शुल्क विनियमन कायद्याने पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती बंधनकारक केली आहे, समितीत प्रत्येक इयत्तेचा पालक असतो. पहिल्या सभेला किती पालक येतात? आमच्याकडे 60 च्या वर्गातले 9 यायचे, त्यातले 4 चहा झाला की निघायचे. त्या सभेत तीनच गोष्टी लिहून घ्या: या वर्षी सहल कोणत्या महिन्यात, साधारण कुठे, आणि माणशी जास्तीत जास्त किती. तारीख नको, महिना पुरे. इतिवृत्तात एकदा आलं की सहलप्रमुखही जूनमध्येच ठरतो, एसटीचा अर्जही वेळेत जातो, आणि घरी महिन्याला 250 बाजूला टाकले तर डिसेंबरपर्यंत दीड हजार जमतात.

मी एकदा पाचवीच्या वर्गासाठी «सहल भिशी» काढली होती. जुलै ते डिसेंबर, दरमहा 100, एका कार्डावर सहा चौकोन, पैसे दिले की चौकोनात सही. मुख्याध्यापक म्हणाले, शाळेत रोख ठेवायची नाही. तेव्हा बीडीडी चाळीतल्या एका आईने स्वतःच्या घरी स्टीलच्या डब्यात ते पैसे ठेवले, आणि दर महिन्याच्या 10 तारखेला ती डबा आणि वही घेऊन शाळेच्या दाराशी उभी राहायची. कोणाचा चौकोन रिकामा राहिला तर पुढच्या महिन्यात दोन भरायचे, प्रश्न विचारायचे नाहीत. त्या वर्षी वर्गातलं एकही मूल मागे राहिलं नाही. पुढच्या वर्षी परवानगीच आली नाही, सहल रद्द झाली. त्या बाईने प्रत्येकाचं पाकीट करून, वर नाव लिहून, पैसे परत केले. चार आयांनी पाकीट परत तिच्याच हातात दिलं, म्हणाल्या, राहू दे पुढच्या वर्षीसाठी, घरी नेऊन मोडायला कारण नको. असं पदरचं काम करणारी बाई प्रत्येक वर्गात नसते. पण असते, शोधली तर.

आणि आता जे लिहितेय ते पालकांना आवडणार नाही. सहली महाग करण्यात तुमचाही वाटा आहे. एका वर्षी मी सातवीची 40 मुलं दुपारच्या रिकाम्या लोकलने परळहून सीएसएमटीला नेली, तिथून चालत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. जाऊन-येऊन प्रवासाचे माणशी 10 रुपये. मुलं खूश होती. दोघं एका मूर्तीसमोरून हलायला तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी तीन पालक भेटायला आले: «म्युझियम काय, ते आम्हीपण दाखवतो. शाळेने जरा बाहेर न्यावं.» मी विचारलं, तुम्ही दाखवलंय का? तिघांनीही दाखवलं नव्हतं. पण पुढच्या वर्षी मुख्याध्यापकांनी त्या तिघांचं ऐकलं.

मुंबईत राहून आपल्याला मुंबईच दिसत नाही. कान्हेरीला 109 लेणी आहेत, बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या आत, आणि पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांना 15 वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं, पार्कच्या दाराचं तेवढं भरायचं. घारापुरीलाही तेच, लाँचचे पैसे सोडले तर. डिसेंबर 2024 च्या बोट अपघातानंतर मात्र लाइफ जॅकेट घातल्याशिवाय मुलांना लाँचमध्ये बसू देऊ नका, शाळेने सांगितलं असो वा नसो. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र 1985 पासून उघडं आहे आणि तिथे अख्खा दिवस पुरत नाही. वार तेवढे बघा. कान्हेरी आणि घारापुरी सोमवारी बंद. राणीची बाग बुधवारी. हा शेवटचा वार मी कसा शिकले ते विचारू नका. दोन बस, 88 मुलं आणि भायखळ्याचं बंद फाटक, एवढंच सांगते. शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालयही बुधवारीच बंद असतं, हेही त्याच दिवशी कळलं.

असो. तुमच्यासाठी आत्ताचं काम एवढंच: चिठ्ठी, 500 रुपये, नायलॉनचे कपडे, आणि थोरल्यासोबत कागद. संमतीपत्रावर सही करण्याआधी सोबत किती शिक्षक आहेत ते वाचा. मी दहा मुलांमागे एक असा हिशोब ठेवायचे. मुली असतील तर सोबत बाई हवीच. परत येण्याची वेळ रात्रीची असेल तर विचारा. आणि मुलाच्या पाकिटात तुमचा नंबर लिहिलेला कागद ठेवा. फोन नको, पाण्यात जातो.

तो बस लागणारा मुलगा पुढच्या वर्षी सातवीत आला. त्याचे पैसे कोणी भरले ते त्याला कधी कळलं नाही, आईला कळलं होतं, ती दुसऱ्या दिवशी डब्यात पुरणपोळ्या देऊन गेली. सहल कार्ल्याच्या लेण्यांना होती. मी त्याला मुद्दाम माझ्या शेजारी, खिडकीची जागा दिली. खोपोली सुटली, घाट लागला आणि तिसऱ्या वळणाला त्याने माझ्याकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक. लोणावळ्यापर्यंत तीनदा उलटी झाली. मधे एकदा मान वर करून म्हणाला, «बाई, मी सांगितलं होतं ना.»

तेव्हापासून माझ्या पर्समध्ये अवोमिनची पट्टी असते. मुलाच्या वयाला किती द्यायची आणि बस सुटायच्या किती आधी, ते डॉक्टरांना विचारून घ्या. घाटात दिलेली उपयोगाची नाही.